बारावीनंतरची सरकारी शिष्यवृत्ती : कोणाला काय मिळतं, आणि पैसे कुठं अडकतात

सोयाबीनचे पैसे हातात येतात दिवाळीच्या आसपास. कॉलेजची ॲडमिशन असते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पेरणी, खत, फवारणी यात सगळं घालून बसल्यावर. त्यामुळे आपल्याकडं बरेच पालक पोराला चांगले मार्क असूनही "बीए करू दे, गावाजवळ राहील" म्हणून मोकळे होतात. सरकारची मदत आहे हे माहीत असतं. पण नेमकी किती, कोणाला आणि कधी, हे विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. म्हणून हा लेख. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, ॲडमिशनच्या दिवसात कामाला येईल.

महाडीबीटी, पण ट्रॅक्टरवालं नाही

महाडीबीटी म्हटलं की शेतकऱ्याला ठिबक, तुषार, ट्रॅक्टरची सोडत आठवते. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्जही महाडीबीटीवरच भरायचा असतो, पण तो विभाग वेगळा आहे. शेतकरी म्हणून केलेली नोंदणी तिथं चालत नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आधारवर नवीन नोंदणी करावी लागते. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च व तंत्रशिक्षण, अल्पसंख्याक अशा बऱ्याच विभागांच्या योजना एकाच ठिकाणी आहेत. अर्ज भरायला सरकार एक रुपयाही घेत नाही. सेवा केंद्रवाला जे घेतो ते त्याच्या कामाचे आणि स्कॅनिंगचे. कोणी "मंजूर करून देतो" म्हणून हजार-दोन हजार मागत असेल तर तो मंजूर करणारा नाही, हे लक्षात घ्या.

आणि युजर आयडी-पासवर्ड वहीत लिहून ठेवा. सेवा केंद्रवाल्याच्याच मोबाईल नंबरवर नोंदणी केली, की पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडं जातो आणि तो नेमका तेव्हा लग्नाला गेलेला असतो.

कोणाला काय

सगळ्यात जुनी योजना म्हणजे भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ही १९४४ पासून चालू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखापर्यंत असेल तर, अकरावीपासून पुढं कोणत्याही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची फी आणि वर शैक्षणिक भत्ता मिळतो. भत्ता अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये. साध्या बीए-बीकॉमच्या गटात तेच ६,००० आणि ३,०००. अकरावी-बारावीला ४,००० आणि २,५००.

उत्पन्न अडीच लाखाच्या वर गेलं तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा रस्ता बंद होत नाही. त्याच्यासाठी फ्रीशिप आहे. त्यात भत्ता मिळत नाही, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं. अनुसूचित जमातीलाही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखापर्यंतच आहे, ती आदिवासी विकास विभागाकडून येते.

इथं एक गोष्ट ठळक सांगतो, कारण याच्यावरून गावात भांडणं झालेली पाहिली आहेत. अनुसूचित जातीच्या या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. २०२१ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. म्हणजे खात्यात मोठी रक्कम दिसली तर ती सगळी आपली नसते, त्यात कॉलेजच्या फीचा भाग असतो. तो लगेच कॉलेजला भरायचा असतो. काही घरांत हे पैसे आले की उधारी फिटते, बियाणं येतं, आणि मार्च महिन्यात कॉलेजवाले हॉलतिकीट अडवून बसतात. दोघांचंही चुकतं, पण पेपर पोराचा बुडतो.

इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शिक्षण शुल्क प्रतिपूर्ती अशा दोन्ही योजना आहेत. शुल्क प्रतिपूर्तीला उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, आणि नॉन-क्रिमिलेअर लागतंच. खासगी विनाअनुदानित कॉलेजातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गाला शिक्षण शुल्क पूर्ण मिळतं, ओबीसी मुलाला निम्मं.

खुल्या प्रवर्गासाठी, ज्याला सगळे अजून ईबीसीच म्हणतात, ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. आठ लाखापर्यंत उत्पन्न, महाराष्ट्राचा अधिवास, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला निम्मं शिक्षण शुल्क व निम्मं परीक्षा शुल्क. कुटुंबातल्या पहिल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. मराठा समाजातला मुलगा एसईबीसीतून शिकत असेल तर तोही याच योजनेत येतो.

मुलींची फी पूर्ण माफ

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मोठा बदल झाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात आधी निम्मी सवलत होती, ती २०२४-२५ पासून १०० टक्के झाली. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, कृषी, विधी, बीएड असे अभ्यासक्रम त्यात आहेत. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजही आहेत. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं मात्र नाहीत. पुण्याकडं मोठ्या गेटवर "युनिव्हर्सिटी" लिहिलेलं पाहून ॲडमिशन घेण्याआधी ते नेमकं काय आहे ते विचारा.

"पूर्ण माफ" म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. विकास निधी, जिमखाना, ओळखपत्र, बस, मेस, रूम हे त्यात नाही. समजा एखाद्या फार्मसी कॉलेजची एकूण फी एक लाख आहे. त्यात शिक्षण शुल्क ८८ हजार आणि विकास निधी १२ हजार असेल, तर मुलीला १२ हजार आणि इतर किरकोळ भरावेच लागतात. त्याच कॉलेजात ईबीसीच्या मुलाला ४४ हजार अधिक १२ हजार, म्हणजे ५६ हजार घरातून घालावे लागतात. हा हिशेब ॲडमिशनच्या आधी करा. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी, शिक्षण शुल्क वेगळं आणि विकास निधी वेगळा, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाईटवर असते. कॉलेजच्या काउंटरवर जो छापील कागद देतात त्याच्याशी ती ताडून पाहा.

माझं वैयक्तिक मत असं, की आपल्या भागातल्या मुलींना या निर्णयाचा जितका फायदा व्हायला पाहिजे तितका होत नाही. फी माफ झाली तरी शहरात राहण्याचा खर्च आणि "एकटीला कसं पाठवायचं" हे दोन प्रश्न तसेच उभे राहतात. पहिल्याचं उत्तर थोडंफार खाली दिलं आहे.

कॅप राऊंडच्या बाहेर गेलात तर सगळं गेलं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. व्यावसायिक अभ्यासक्रमाची वरची फी सवलत त्याच विद्यार्थ्याला मिळते, ज्याचा प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून झाला. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था स्तरावरच्या जागेवर घेतलेला प्रवेश सवलतीत बसत नाही.

दरवर्षी मे-जूनमध्ये तालुक्याच्या ठिकाणी एजंट फिरतात. "सीईटी नसली तरी चालतं, राऊंडची वाट कशाला पाहता, सीट आत्ताच पक्की करा, स्कॉलरशिप आम्ही बसवून देतो." पंधरा-वीस हजार टोकन घेतात आणि पोराची मूळ टीसी, मार्कशीट ताब्यात ठेवतात. मग ऑक्टोबरमध्ये कळतं की महाडीबीटीवर त्या प्रवेशाला योजनाच दिसत नाही. तोपर्यंत दुसरीकडं जायची वेळ निघून गेलेली असते. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. कॅप राऊंडला सीट लागली की त्याचं अलॉटमेंट लेटर निघतं. ते लेटर नसेल तर शिष्यवृत्तीही नाही, असं सरळ समजा.

तसंच, कॅपच्या अर्जात एक प्रवर्ग आणि महाडीबीटीत दुसरा, असं करू नका. कुणबी नोंद सापडली, दाखला नवीन निघाला, पण प्रवेश खुल्यातून झालेला आहे, अशी प्रकरणं आता बरीच आहेत. कॉलेजचा क्लार्क असा अर्ज परत पाठवतो.

राहण्या-खाण्याचे पैसे

फी एक भाग झाला. रूम आणि मेस हा खरा खर्च. पुणे-संभाजीनगरला पोरगं ठेवायचं म्हणजे महिन्याला किती जातात ते ज्यांनी ठेवलंय त्यांना विचारा.

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. पंजाबराव मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, पुढं देशाचे कृषिमंत्री झाले. नाव शेतकऱ्याच्या माणसाचं आहे, पण आपल्या गावात दहा पालकांना विचारलं तर आठ जणांनी ही योजना ऐकलेली नसते. ईबीसीची सवलत मिळणाऱ्या पोरालाही हा भत्ता वेगळा मिळू शकतो. फक्त त्यासाठी दुसरा अर्ज भरावा लागतो. बरेच जण फीचा एक अर्ज भरून थांबतात. तहसीलचं अल्पभूधारक प्रमाणपत्र आणि वसतिगृहात किंवा भाड्यानं राहत असल्याचा पुरावा जोडावा लागतो. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टर, ढोबळमानानं पाच एकरापर्यंत.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहाला पात्र आहे पण जागा मिळाली नाही, अशा विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळून रक्कम दिली जाते. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथं वर्षाला ६०,००० रुपये, इतर विभागीय शहरं आणि क वर्ग महापालिकांत ५१,०००, आणि बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्न अडीच लाखाच्या आत हवं, मागच्या परीक्षेला किमान ५० टक्के हवेत, आणि विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा. आदिवासी विद्यार्थ्यांना याच धर्तीवर पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, ज्यात एका जिल्ह्यात ६०० विद्यार्थी घेतले जातात. जागा मोजक्या असल्यानं इथं मार्कांवर यादी लागते.

स्वाधार, आधार आणि शासकीय वसतिगृहाचे अर्ज महाडीबीटीच्या फीच्या अर्जासोबत आपोआप जात नाहीत. ते वेगळे भरायचे, तारखाही वेगळ्या. जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात एक चक्कर मारून यावी. फोनवर नीट कळत नाही.

दाखले : उत्पन्न आणि नॉन-क्रिमिलेअर एक नाही

शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. नॉन-क्रिमिलेअर काढताना शेतीचं उत्पन्न आणि पगार धरला जात नाही. शिष्यवृत्तीला जो उत्पन्नाचा दाखला लागतो त्यात मात्र आई-वडिलांचं सगळं धरलं जातं. शेती, पगार, दुकान, दूध, भाडं, सगळंच. म्हणजे एखाद्या शिक्षकाच्या मुलाला नॉन-क्रिमिलेअर मिळू शकतं, पण पगार आणि शेती मिळून आठ लाखाच्या वर गेले की शुल्क सवलत मिळत नाही. "नॉन-क्रिमिलेअर आहे ना, मग स्कॉलरशिप मिळणारच" हे बरोबर नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराच्या सहीचा आणि बारकोडचा लागतो. तलाठ्याचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अहवाल ही त्याची पहिली पायरी आहे, तो अहवाल म्हणजे दाखला नाही. कोणत्या आर्थिक वर्षाचा दाखला आहे ते पाहा. जुना झालेला दाखला जोडून अर्ज परत आल्याची उदाहरणं डझनानं मिळतील. आणि दाखल्यावर कमी आकडा घालून घेण्याच्या भानगडीत पडू नका. एका भावाच्या अर्जात एक आकडा, दुसऱ्याच्या अर्जात वेगळा, असं सापडलं की दोघांचंही अडकतं, आणि खोटं ठरलं तर घेतलेली रक्कम परत भरावी लागते.

जात वैधता हा आणखी एक डोंगर. व्यावसायिक प्रवेश राखीव जागेवर घ्यायचा असेल तर ती लागतेच. बारावीचा निकाल लागल्यावर प्रस्ताव टाकला तर समितीकडं गर्दी असते. अकरावीला असतानाच कॉलेजमार्फत टाका. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जुना कोतवालबुकाचा कागद, हे शोधायला वेळ लागतो. गावातल्या जिल्हा परिषद शाळेचं जुनं रजिस्टर पाहायला उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी जा.

नावांचंही तसंच. दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे तेच आधारवर पाहिजे, अक्षर न् अक्षर. वडिलांच्या नावापुढं एका कागदावर "राव" आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनही काम थांबतं. आधार दुरुस्ती ॲडमिशनच्या गर्दीत करू नका, मार्च-एप्रिलमध्ये करून घ्या. अपलोड करायची फाईल २५६ केबीच्या आत हवी, मोबाईलनं काढलेला मोठा फोटो जात नाही.

पैसे मंजूर, पण खात्यात नाहीत

स्टेटसला मंजूर दिसतं आणि पासबुकात काही नाही, याचं कारण बहुतेक वेळा आधार सीडिंग असतं. बँकेत आधार दिलं म्हणजे काम झालं, असं सगळ्यांना वाटतं. बँकेत आधार नोंदवणं म्हणजे केवायसी. सरकारी पैसे यायला ते खातं एनपीसीआयच्या यादीत आधारला जोडलेलं लागतं. या यादीत एका आधारला एकच खातं असतं, सगळ्यात शेवटी जे जोडलं ते. पोरानं शहरात गेल्यावर दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, तिथं फॉर्मवर टिक केली, की पैसे तिकडं वळतात. पुष्कळदा पैसे गेले नाहीत असं वाटतं, आणि ते कधीच न पाहिलेल्या खात्यात पडून असतात.

तपासायला मायआधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" पाहा. कोणती बँक आणि ती चालू आहे की बंद, दोन्ही दिसतं. बंद दिसलं तर बँकेत जाऊन सीडिंगचा वेगळा फॉर्म भरून द्या. बँकेत दाद लागत नसेल तर पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं उघडलं तरी काम होतं, पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर उघडून देतो. लहानपणी काढलेलं, आई-वडिलांसोबतचं जुनं खातं वापरू नका. बऱ्याच वर्षांत व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं.

अर्ज कोणाच्या टेबलावर आहे

अर्ज सबमिट केला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथं क्लार्क तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनवरून तो विभागाच्या कार्यालयाकडं जातो. दोन्ही ठिकाणाहून तो त्रुटीसाठी परत येऊ शकतो. परत आल्याचा मेसेज कधी येतो, कधी येत नाही, त्यामुळं दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून पाहायचं. दुरुस्ती करून पुन्हा सबमिट केलं नाही तर मुदत संपल्यावर अर्ज आपोआप बाद होतो आणि त्याला कोणी वाली नसतो. लॉगिनमध्ये "रिडीम" असं बटण दिसलं तर तेही दाबायचं असतं, त्याशिवाय मंजूर झालेली रक्कम पुढं सरकत नाही.

माझ्या पुतण्याचा अर्ज एका कॉलेजात तीन महिने क्लार्कच्या लॉगिनलाच पडून होता. विचारलं तर "वरून आलं नाही" एवढंच उत्तर. स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून प्राचार्यांना लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली, तेव्हा आठ दिवसांत हलला. तोंडी विचारण्यात वेळ घालवू नका. कॉलेजनं लेखी घेतलं नाही तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडं किंवा संबंधित विभागाकडं द्या, आणि महाडीबीटीवरच्या तक्रारीच्या खिडकीतही टाका. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

दुसऱ्या वर्षी अर्ज पुन्हा भरावा लागतो, त्याला नूतनीकरण म्हणतात. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे चार वर्षं आपोआप येते असं नाही. मध्येच शिक्षण दोन वर्षं सोडलं, तर पुढं शाहू महाराज योजनेत अडचण येते.

कॉलेज पूर्ण फी आधीच मागतंय

शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. मुलींच्या फी माफीतही तेच सांगितलेलं आहे. तरी काही ठिकाणी "आधी भरा, सरकारचे आले की परत देऊ" म्हणतात, किंवा कोरा चेक घेतात. अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा एक करा. पैसे का मागताय ते कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून द्या, असं म्हणा. बहुतेक जण लिहून देत नाहीत आणि विषय तिथंच थांबतो. भरावेच लागले तर पावती घ्या, त्यावर "शिक्षण शुल्क" असा स्पष्ट उल्लेख पाहिजे, नुसतं "इतर" नको. नंतर सरकारचे पैसे कॉलेजच्या खात्यात आल्यावर परत मागायला तोच एक कागद असतो.

बारावीला खूप चांगले मार्क असतील तर केंद्र सरकारची एक वेगळी शिष्यवृत्ती आहे. बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत बसणारा, साडेचार लाखापर्यंत उत्पन्न असलेला विद्यार्थी तिला पात्र ठरतो. पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये. ती महाडीबीटीवर नाही, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची. दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर ही घेता येत नाही, त्यामुळं कुठली रक्कम मोठी पडते ते आधी मांडून पाहा.

तारखांचं सांगायचं तर अर्जाची मुदत दरवर्षी वाढते, ही गोष्ट खरी आहे. पण त्या भरवशावर राहिलेल्यांचे अर्ज सर्व्हर बंद पडतो त्या शेवटच्या आठवड्यात अडकतात. ॲडमिशन पक्की झाली त्याच आठवड्यात अर्ज भरून टाका. जो दाखला निघालेला नाही त्याची सेतूची पावती जवळ ठेवा आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर ती चालते का, हे विचारून घ्या.